निळीची उचल

निळीच्या रांजणात पडलेल्या कोल्ह्याची ‘पंचतंत्रा’तील गोष्ट मराठी घरांत अजून सांगितली जाते. कुत्र्यांच्या भीतीने कोल्हा रंगाऱ्याच्या घरात शिरतो, रांजणात पडतो, निळा होऊन बाहेर येतो आणि जंगलाचा राजा बनतो. पुढे इतर कोल्ह्यांची कोल्हेकुई ऐकून त्याला राहवत नाही आणि त्याचे बिंग फुटते. गोष्टीचे तात्पर्य आपण कोल्ह्यापुरते काढून मोकळे होतो. तो रांजण कोणाचा होता, त्यातली नीळ कोणी पिकवली होती, हे विचारण्याची गरज आपल्याला भासत नाही.

आम्हांलाही ती भासली नव्हती. आम्ही दोघे मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवतो. काही वर्षांपूर्वी भारतीय नाटकाच्या अभ्यासपत्रिकेच्या निमित्ताने दीनबंधू मित्र यांच्या ‘नीलदर्पण’ या बंगाली नाटकाविषयी वर्गात बोलत होतो. नाटकातील सारी यातना ज्या एका शब्दाभोवती फिरते, तो शब्द म्हणजे ‘दादन’. तो समजावून सांगण्यासाठी आम्ही फळ्यावर ‘आगाऊ रक्कम’, ‘विसार’, ‘बयाणा’ असे प्रतिशब्द लिहिले आणि त्यांतील सूक्ष्म भेद सांगू लागलो. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “म्हणजे उचलच ना, सर?”

आमच्या वर्गातील कित्येक मुलांचे आईवडील दसरा-दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात. मुकादमाकडून उचल घेऊन गेलेले नवराबायको म्हणजे एक ‘कोयता’, हे गणित या मुलांना पाढ्यांच्याही आधी कळलेले असते. फळ्यावरचे तिन्ही शब्द आम्ही पुसले. पुढचा तास आम्ही कमी बोललो आणि मुले अधिक बोलली. प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून निघालेला आहे. निळीचा इतिहास एका रंगाचा किंवा एका पिकाचा म्हणून सांगितला जातो. तो उचलीचा इतिहास म्हणून वाचला तर काय दिसते, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आरंभ शब्दापासूनच करावा लागेल. मराठी माणसाला ‘नीळ’ म्हटले की आठवते ती धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांची बादली. सदऱ्याला, धोतराला, शाळेच्या गणवेशाला नीळ द्यायची, म्हणजे पिवळटपणा जाऊन पांढरेपणा उजळतो. या बादलीतली नीळ झाडापासून केव्हाच तुटली. ती कारखान्यातून येते. ‘निराळी’ या शब्दाचेही असेच झाले. निळीने सूत आणि कापड रंगवणाऱ्या कारागिरांची ‘निराळी’ नावाची जात महाराष्ट्रात होती आणि नगर, पुणे, सोलापूर या भागांत त्यांची वस्ती होती. आज ‘निराळी’ म्हणजे ‘वेगळी’ एवढाच अर्थ बहुतेकांना ठाऊक असतो. कारागीर गेला की त्याचे नाव कसे रिकामे होते, याचे हे घरचेच उदाहरण आहे.

या शब्दाचा परदेशप्रवास याहून विलक्षण आहे. संस्कृत ‘नील’ अरबीत ‘अन्-नील’ झाला, तेथून पोर्तुगीजांच्या तोंडी ‘अनिल’ झाला. १८४०च्या सुमारास निळीवर प्रयोग करताना रसायनशास्त्रज्ञांना जो तेलकट पदार्थ मिळाला, त्याला त्यांनी याच शब्दावरून ‘अ‍ॅनिलीन’ असे नाव दिले. पुढे अ‍ॅनिलीन हा कृत्रिम रंगांच्या साऱ्या उद्योगाचा पायाच ठरला. ज्या जर्मन कारखान्याने भारतातील निळीची शेती संपवली, त्याच्या नावातही ‘अ‍ॅनिलीन’ होते, म्हणजे एका परीने आपला ‘नील’च होता. ग्रीक व लॅटिन लोक या रंगाला ‘भारतातून येणारा’ अशा अर्थाच्या शब्दाने ओळखत. इंग्रजीतील ‘इंडिगो’ त्यातूनच आला. रंगाने देशाचे नाव जगभर नेले, पण तो पिकवणाऱ्याचे नाव कोठेच नेले नाही.

पाने हिरवी, फुले गुलाबी, मग निळा रंग येतो कोठून, हा प्रश्न मुलांनी विचारला तेव्हा आमची पंचाईत झाली. वनस्पतिशास्त्र विभागातील सहकाऱ्यांनी बी मिळवून दिले आणि महाविद्यालयाच्या आवारात एका पावसाळ्यात आम्ही दोन वाफे नीळ लावली. झाड कमरेएवढे झुडूप, शेंगवर्गातले, पाने पाहून कोणालाही शेवरीची वा तरवडाची आठवण व्हावी. फुलोरा येण्याच्या सुमारास पाला कापायचा, कारण रंगाचा अंश पानांत तेव्हा भरपूर असतो. कापलेला पाला लगेच पाण्यात बुडवून वर दगड ठेवायचे. पानांत ‘इंडिकन’ नावाचे द्रव्य असते. ते रंगहीन असते. पाण्यात आंबताना त्याचे विघटन होते आणि ‘इंडॉक्सिल’ पाण्यात उतरते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी हिरवट-पिवळे झाले होते आणि त्याला असा उग्र वास येत होता की वाणिज्य शाखेकडून तक्रार आली.

मग पाला काढून टाकून ते पाणी घुसळायचे. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन इंडॉक्सिलचे दोन-दोन रेणू जुळतात आणि पाण्यात न विरघळणारी नीळ तयार होते. आमच्या मुलांनी काठ्या आणि थाळ्या घेऊन आळीपाळीने दोन तास घुसळण केली. फेस आधी हिरवा, मग निळा झाला. पाणी रात्रभर स्थिर ठेवल्यावर तळाशी गाळ बसला. दोन गोण्या पाल्यातून वाळल्यावर निघाली ती मूठभर नीळ. त्या मुठीकडे पाहताना बंगालातील पेट्याच्या पेट्या निळीमागे किती पाला, किती पाणी आणि किती माणसे असतील याचा अंदाज प्रथमच आला. तेथील कोठ्यांत विटांचे हौद जोडीने बांधलेले असत. वरच्या हौदात पाला भिजत घालायचा, रंगपाणी खालच्या हौदात सोडायचे आणि मजुरांनी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून ते वल्ह्यांसारख्या फळ्यांनी बडवायचे. नंतर गाळ उकळायचा, गाळायचा, दाबून त्याच्या वड्या पाडायच्या आणि कोठीचा छाप मारून त्या सुकवायच्या.

एवढ्याने कापड रंगत नाही, कारण नीळ पाण्यात विरघळत नाही. रंगारी तिला पुन्हा आंबवतो. चुना, गूळ आणि टाकळ्याचे बी घालून रांजण काही दिवस ठेवला की नीळ पुन्हा पिवळसर द्रवात उतरते. त्यात बुडवलेले कापड बाहेर काढताना हिरवट-पिवळे असते आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होत जाते. ही विद्या रंगाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. रेणूंची नावे त्यांना ठाऊक नव्हती, पण रांजण ‘जिवंत’ आहे की ‘मेला’ हे ते वासावरून सांगू शकत. आमचा रांजण एकदा मेला आणि दुसऱ्यांदा जगला.

हे सारे सांगण्याचे कारण एवढेच की, या झाडात किंवा या विद्येत अन्यायाचा अंश कोठेही नाही. पाला काढल्यावर उरणारा चोथा शेताला चांगले खत होतो. सतराव्या शतकात अहमदाबादेजवळील सरखेज आणि आग्र्याजवळील बयाना ही निळीची मोठी ठिकाणे होती. बयान्याच्या निळीचे बारकाईने वर्णन करणारा फ्रान्सिस्को पेल्सार्ट हा डच व्यापारी १६२६च्या सुमारास आग्र्यात होता. सुरतेचे इंग्रज आणि डच व्यापारी या निळीसाठी एकमेकांशी स्पर्धा करीत. नीळ जाळून तिच्यात वाळू मिसळली आहे का, हे खरेदीदार पाहत. म्हणजे लबाडी होती. पण ती बाजारातली, दोन्ही बाजूंनी चालणारी लबाडी होती. कष्टही होतेच. ताव्हेर्निये या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले आहे की, निळीची भुकटी चाळणारे मजूर तोंडाला फडके बांधत, दूध पीत, तरीही त्यांची थुंकी कित्येक दिवस निळी पडे. चाळणाऱ्यांजवळ सकाळी ठेवलेले अंडे संध्याकाळी फोडले तर ते आतून निळे निघे. तरीही नीळ पेरावी की न पेरावी हा निर्णय पुष्कळसा कुणब्याच्या हाती होता. भाव पडला तर त्याला दुसरे पीक घेता येत होते.

हा निर्णय त्याच्या हातून गेला तो बंगालमध्ये. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपला नीळ पुरवणारी अमेरिकेकडची ठिकाणे डळमळीत झाली. कॅरोलायना इंग्रजांच्या साम्राज्यातून बाहेर पडले. कॅरिबियन बेटांवरील सेंट डॉमिंग येथे १७९१मध्ये गुलामांनी बंड केले आणि तेथील मळे उद्ध्वस्त झाले. इकडे इंग्लंडमधील कापडधंद्याला नीळ हवी होती आणि ईस्ट इंडिया कंपनीला बंगालचा पैसा मायदेशी नेण्यासाठी माल हवा होता. या दोन गरजांतून नदिया, जेसोर, पाबना, फरीदपूर या जिल्ह्यांत नीलकोठ्या उभ्या राहिल्या. गुलामांच्या श्रमावर चालणारा धंदा जेथे गुलाम नव्हते अशा प्रदेशात आला, तेव्हा शेतकऱ्याला बांधून ठेवण्याचे नवे साधन लागले. ते साधन म्हणजे दादन.

त्याचे स्वरूप साधे होते. कोठीने रयतेला बिघ्यामागे दोन रुपये आगाऊ द्यायचे आणि रयतेने तेवढ्या जमिनीत नीळ पेरून पाला कोठीवर पोचवायचा. पण ही जमीन कोठीच्या बिघ्याने मोजली जाई आणि तो बिघा जमीनदाराच्या बिघ्याहून मोठा असे. पेरणीसाठी भाताची उत्तम जमीन खुणा करून घेतली जाई. पाल्याच्या जुड्या साखळीने मोजल्या जात आणि साखळी किती आवळायची हे कोठीचा माणूस ठरवी. हिशेबातून मुद्रांकाचा कागद, बियाणे, गाडीभाडे वजा होई. वर्षअखेर रयतेच्या नावावर बाकी राही, ती पुढच्या वर्षीच्या दादनात मिळवली जाई आणि बाप मेला तर मुलाच्या नावावर चढे. कित्येकांच्या निशाण्या कोऱ्या मुद्रांकावर घेतलेल्या असत. दोन रुपयांची ही उचल फिटावी म्हणून दिलेलीच नसे. ती फिटली असती तर रयत मोकळी झाली असती, आणि मोकळ्या रयतेने त्या भावात नीळ पेरली नसती.

या कागदांतून एक अनपेक्षित धागा निघतो. विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ साली एका कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या हाताचा ठसा घेतला होता. १८६०मध्ये तो नदियात दंडाधिकारी म्हणून आला, तेव्हा निळीच्या तंट्यांत त्याच्यापुढे बनावट कागदांचा खच पडला. बोटांच्या ठशांनी हा गोंधळ मिटेल, ही त्याची कल्पना तेथे पक्की झाली. जगभर पसरलेल्या ठशांच्या पद्धतीच्या उगमापाशी अशा रीतीने निळीचे खोटे करार आहेत. ‘अंगठा दिला’ हा आपल्या खेड्यांतला शब्दप्रयोग आम्हांला तेव्हापासून निराळाच ऐकू येतो.

१८५९मध्ये बारासातचा दंडाधिकारी अ‍ॅश्ली ईडन याने स्पष्ट केले की, स्वतःच्या जमिनीत काय पेरायचे हे रयतेने ठरवायचे आहे. हेमचंद्र कर या भारतीय उपदंडाधिकाऱ्याने तोच आशय बंगालीत जाहीर केला. इंग्रजीत जे एक प्रशासकीय मत होते, ते बंगालीत येताच गावोगाव पोचले. चौगाछाचे विष्णुचरण आणि दिगंबर विश्वास हे पूर्वी कोठीच्या नोकरीत असलेले दोघे रयतेच्या बाजूने उभे राहिले. रयतेचे मुख्य शस्त्र होते दादन न घेणे. लाठ्या चालल्या, कोठ्यांवर हल्ले झाले, बायकांनी घरातली भांडी शस्त्रासारखी वापरली. पण मळेवाल्यांना खरी भीती वाटली ती पैसे घेऊन आलेल्या गुमास्त्याला रिकामे न जाता भरल्या पिशवीनिशी परत पाठवणाऱ्या गावाची. दिल्लीच्या दिवसांनंतर इतकी चिंता आपल्याला वाटली नव्हती, असे गव्हर्नर जनरल कॅनिंगने नमूद केले आहे.

सरकारने प्रथम १८६०चा अकरावा कायदा करून करारभंग हा तात्पुरता गुन्हा ठरवला आणि त्याच कायद्याने चौकशी आयोगही नेमला. डब्ल्यू. एस. सेटन-कार अध्यक्ष होता. आयोगापुढे ५ जून १८६० रोजी चांदपूरचा हाजी मोल्ला नावाचा रयत आला. नीळ पेरशील का, असे विचारल्यावर त्याने सांगितले की, भीक मागेन, पण नीळ पेरणार नाही. फरीदपूरला दंडाधिकारी राहिलेल्या डेलाटूर या इंग्रजानेही साक्ष दिली की, इंग्लंडला पोचणारी निळीची एकही पेटी मानवी रक्ताच्या डागावाचून जात नाही. आयोगाने पद्धत मुळातच सदोष ठरवली. ऑगस्टमध्ये उपगव्हर्नर ग्रँट कुमार आणि कालीगंगा या नद्यांतून प्रवासाला निघाला, तेव्हा दोन्ही काठांवर मैलोन्‌मैल माणसे उभी होती. त्यांनी कोणावर हात उचलला नाही. नीळ पेरण्याची सक्ती नको, एवढेच ते मागत होते.

‘नीलदर्पण’ याच वर्षी ढाक्यात लेखकाच्या नावावाचून प्रसिद्ध झाले. नाटकाचे गुणदोष येथे तपासायचे नाहीत. शेवटच्या अंकातील मृत्यूंची रीघ आम्हांलाही अतिरंजित वाटली होती. पण त्या दिवशी वर्गातील मुलांना तोराप हे पात्र जवळचे वाटले आणि कोठीवर हिशेब ऐकणारी रयत तर ओळखीचीच निघाली. या नाटकाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल पाद्री जेम्स लाँग यांच्यावर १८६१मध्ये खटला झाला. एक महिना कैद आणि हजार रुपये दंड झाला. दंडाची रक्कम कालीप्रसन्न सिंह यांनी तेथल्या तेथे भरली. सेटन-कार आता बंगाल सरकारचा सचिव होता. भाषांतराच्या प्रती वाटण्यास त्याने मुभा दिल्याचे उघड झाले, आणि त्याला ते पद सोडावे लागले. आयोगाच्या अहवालात जे छापले त्याबद्दल कोणाला शिक्षा झाली नाही. तेच नाटकात आले तेव्हा झाली. साहित्याच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

निळीच्या आयोगाचा एक सदस्य पुढे आपल्याकडे आला. रिचर्ड टेंपल १८६२ ते १८६७ या काळात नागपुरास मध्य प्रांताचा मुख्य आयुक्त होता आणि १८७७ ते १८८० मुंबईचा गव्हर्नर. तो मुंबईस येण्याच्या दोन वर्षे आधी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते जाळली आणि हे लोण पुणे-नगर भागात पसरले. टेंपलच्या कारकिर्दीतच, १८७९मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. बंगालच्या रयतेने कागद घेण्याचे नाकारले, आमच्या कुणब्यांनी घेतलेले कागद जाळले. दोघांनाही आपला शत्रू कोठे लिहिलेला आहे हे नेमके कळले होते. महात्मा फुले यांनी १८८३मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला, तेव्हा विद्येवाचून काय काय गेले याची त्यांची मांडणी याच अनुभवावर उभी होती. ज्याला कागद वाचता येत नाही, त्याला कागद खातो.

बंगालनंतर निळीचा भार बिहारकडे सरकला. चंपारणात बेतिया संस्थानाची गावे मळेवाल्यांनी पट्ट्याने घेतली होती. तेथे ‘तीनकठिया’ चालत असे: बिघ्याचे २० कठ्ठे, त्यांपैकी ३ कठ्ठ्यांत नीळ लावलीच पाहिजे. इतक्यात जर्मनीत अडॉल्फ फॉन बायर याने १८८०मध्ये प्रयोगशाळेत नीळ बनवली, १८८३मध्ये तिची रचना उलगडली, आणि १८९७मध्ये कारखान्यातली नीळ बाजारात आली. झाडाच्या निळीचा भाव कोसळला.

सरळ विचार केला तर ही चंपारणच्या रयतेची सुटका ठरावी. जे पीक तिला नको होते ते आता मळेवाल्यालाही नको होते. पण येथेच निळीच्या इतिहासातला सर्वांत शिकण्यासारखा प्रसंग घडला. मळेवाल्यांनी हिशेब मांडला की, नीळ लावणे हे रयतेवरचे बंधन आहे. त्यातून मुक्त व्हायचे तर मोबदला द्यावा लागेल. कायम पट्ट्याच्या गावांत या मुक्ततेबद्दल सारा वाढवण्यात आला. त्याला ‘शरहबेशी’ म्हणत. तात्पुरत्या पट्ट्याच्या गावांत एकरकमी पैसे घेण्यात आले. त्याला ‘तावान’ म्हणत. ज्यांच्यापाशी रोकड नव्हती त्यांच्याकडून कर्जखते लिहून घेतली. आधी नीळ लावण्यासाठी बळजबरी आणि आता नीळ न लावण्याबद्दल दंड. जर्मन रसायनाने झालेला तोटा अशा रीतीने मळेवाल्याच्या वहीतून रयतेच्या खात्यात उतरला. १९१४मध्ये महायुद्ध सुरू होऊन जर्मन माल बंद झाला, झाडाच्या निळीला काही काळ पुन्हा भाव आला, तेव्हा शरहबेशी दिलेली नाही अशा गावांत तीनकठिया पुन्हा आवळली गेली. पीक बदलले, बाजार उलटा झाला, रसायनशास्त्राने क्रांती केली; उचल मात्र जागची हलली नाही.

पुढील कथा सर्वपरिचित आहे. राजकुमार शुक्ल यांनी डिसेंबर १९१६मध्ये लखनौच्या काँग्रेस अधिवेशनात गांधीजींना गाठले. १५ एप्रिल १९१७ रोजी गांधीजी मोतिहारीस पोचले. हजारो रयतांच्या जबान्या लिहून घेतल्या गेल्या. सत्याग्रहाचा गौरव करताना या लिहून घेण्याकडे आपले दुर्लक्ष होते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्याविरुद्ध लिहिले गेले, त्यांच्या बाजूने लिहिलेला हा पहिला मोठा कागद होता. एफ. जी. स्लाय यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. हेही पुढे १९२० ते १९२५ या काळात मध्य प्रांताचे गव्हर्नर म्हणून नागपुरास होते. तावानाचा चौथा हिस्सा परत मिळाला, शरहबेशी कमी झाली आणि १९१८च्या कायद्याने तीनकठिया संपली.

या कथेत मराठी माणसेही आहेत, आणि ती कोठे आहेत हे पाहण्यासारखे आहे. नोव्हेंबर १९१७मध्ये गांधीजींनी चंपारणात शाळा काढल्या. बडहरवा येथील शाळा मुंबईहून गेलेले बबन गोखले आणि अवंतिकाबाई गोखले यांनी चालवली. भारत सेवक समाजाचे डॉ. हरि श्रीकृष्ण देव औषधोपचार व स्वच्छतेचे काम पाहत. अवंतिकाबाईंनी १९१८मध्ये गांधीजींचे मराठीतील पहिले चरित्र लिहिले आणि त्याला लोकमान्य टिळकांची प्रस्तावना लाभली. शाळेचे महत्त्व केवळ सेवाकार्य म्हणून नव्हते. उचलीचा कागद वाचू शकणारा मुलगा घरात असणे, हा तीनकठियाच्या कायद्याइतकाच मोठा बदल होता.

गांधीजींनी आत्मचरित्रात नोंदवलेला एक प्रसंग भितिहरवा भागातला आहे. काही स्त्रियांचे कपडे फार मळलेले दिसले, म्हणून त्यांना कपडे का धूत नाहीत असे विचारण्यास त्यांनी कस्तुरबांना सांगितले. एका बाईने कस्तुरबांना आपल्या झोपडीत नेले आणि तेथे पेटी नाही, कपाट नाही, अंगावर आहे एवढीच साडी आहे, हे दाखवले. हा प्रसंग स्वच्छतेच्या वा गरिबीच्या संदर्भात नेहमी सांगितला जातो. आम्ही तो आता निळीच्या संदर्भात वाचतो. कित्येक दशके त्या जिल्ह्याने जगाच्या कापडाला रंग पुरवला. युरोपातल्या सैनिकांचे गणवेश, खलाशांचे डगले, कामगारांचे कपडे त्या रंगाने निळे झाले. आणि तो रंग जेथून निघाला, तेथील बाईजवळ धुऊन वाळेपर्यंत नेसायला दुसरे लुगडे नव्हते.

आज जीन्सचे बहुतेक सारे कापड कारखान्यातल्या निळीने रंगते. झाडाची नीळही नाहीशी झालेली नाही. तमिळनाडूत ती अजून होते. तिची भुकटी मेंदीबरोबर केस काळे करण्यासाठी शहरांतील दुकानांत मिळते आणि ‘नैसर्गिक रंग’ म्हणून हातमागाच्या कापडालाही तिची किंमत येते. हे चांगलेच आहे. रांजण जिवंत ठेवणारे हात उरले पाहिजेत. पण ‘नैसर्गिक’ या शब्दाने आपले समाधान लवकर होऊ नये. सेंट डॉमिंगची नीळ नैसर्गिक होती आणि नदियाचीही. झाडाला विचारून काही कळत नाही. वही पाहावी लागते.

त्या वर्षी वर्गातली मुले दिवाळीनंतर निम्मी झाली. बंगालची दादन आणि आपल्याकडची उचल एकच, असे आम्ही म्हणणार नाही. येथे हौद नाहीत, लाठी घेतलेला अमीन नाही, कायदे आहेत, आणि उचलीचा आकडा दोन रुपयांच्या कितीतरी पुढे गेला आहे. पण बाकी हंगामाअखेर फिटत नाही आणि पुढच्या वर्षी तिच्यात नवी रक्कम मिळते, हे वाक्य आम्ही ‘नीलदर्पण’ शिकवताना वाचले होते आणि मुलांनी ते घरी ऐकले होते. प्रश्न विचारणारी मुलगी मात्र परीक्षेला आली. आजीजवळ राहिली होती. तिच्या ओढणीच्या एका टोकाला आमच्या रांजणाचा निळा डाग होता. खूप धुतला, निघत नाही, म्हणाली. आम्ही तिला सांगितले की, तो निघायचा नाही, नीळ पक्की असते. उत्तरपत्रिकेत ‘दादन’ या शब्दावर टीप लिहा, असा प्रश्न होता. तिने पहिल्याच ओळीत प्रतिशब्द दिला होता, आणि पुढे दोन पाने हिशेब मांडला होता.